नेढे

अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या दक्षिणेस कॉटनवुड कॅन्यन नावाचा सुमारे 75 किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. पाऊस झाला की तिथली चिकणमाती गाडीची चाके धरून ठेवते. म्हणून कोरडा दिवस बघूनच निघावे लागते. या रस्त्यापासून थोडे आत 'ग्रोव्हनर आर्च' ही सुमारे 46 मीटर उंचीची, पिवळसर दगडाची जोडकमान उभी आहे. 1940च्या दशकाच्या अखेरीस नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीची मोहीम इथे आली आणि संस्थेचे तत्कालीन अध्यक्ष गिल्बर्ट ग्रोव्हनर यांचे नाव कमानीला मिळाले. जवळच्या एका खोऱ्याला त्याच मोहिमेने 'कोडॅक्रोम' हे फिल्मचे नाव दिले. ती फिल्म 2009 साली बंद झाली. खोरे अजून ते नाव वागवते आहे.

आई गेल्यानंतर वडील प्रथमच माझ्याकडे आले होते. कमानीखाली पोचल्यावर ते बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, हे तर नेढे! राजगडावर आहे तसेच. इथे दोन आहेत, एवढेच."

राजगडाच्या सुवेळा माचीवर किंवा रतनगडाच्या माथ्यावर कातळाला पडलेल्या आरपार भोकाला आपण नेढे म्हणतो; सुईत दोरा ओवतो तेही नेढेच. 'कमान' म्हटले की उरलेला दगड डोळ्यांसमोर येतो, 'नेढे' म्हटले की गेलेला. गवंडी दगडावर दगड ठेवून कमान रचतो. इथे मात्र पाणी आणि बर्फ दगड काढून नेतात. मग उरलेला का टिकतो? 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चेक संशोधकांच्या प्रयोगांनी याचे एक उत्तर दिले: ज्या कणांवर वरचा भार असतो ते एकमेकांत घट्ट रुततात आणि झिजेला दाद देत नाहीत, ज्यांच्यावर भार नसतो ते निसटून जातात.

परतताना हे सांगितले तेव्हा वडिलांनी विचारले, "म्हणजे वरचे ओझे काढले, तर खालचेही ढासळेल?"

"प्रयोगात तरी तसेच झाले," मी म्हणालो.

वडील पुण्यातले घर, आईने लावलेली झाडे आणि सोसायटीचे हिशेब एकट्याने सांभाळतात. ते सारे सोडून कायमचे इकडे या, असा आग्रह मी या मुक्कामात धरणार होतो. दगडावरून माणसाविषयी निष्कर्ष काढू नयेत, हे खरेच. तरीही त्या रस्त्यावर मी तो विषय काढला नाही. आणि रात्री त्यांनी फोनवरून शेजाऱ्यांना झाडांना पाणी घालण्याची आठवण केली, तेव्हाही नाही.