पियानोच्या पोटात कोण गुणगुणतंय?

ऐका ना! पियानो थांबवल्यावरही वाजतो! म्हणजे बोट उचललं, पेडल सोडलं, सूर तिथेच संपायला हवा, आणि मागे एक बारीक धातूची 'ईंऽऽ' शिल्लकच! मला पियानोतलं ओ की ठो कळत नाही, माझी पेटीसुद्धा सारेगमच्या पुढे गेलेली नाही, पण वांद्र्याच्या मैत्रिणीकडे ट्यूनरकाका आले, त्यांनी मला तिच्या ग्रँड पियानोत डोकं घालू दिलं आणि मग काय, घरचे आता माझ्यासमोर 'तार' हा शब्द काढायला घाबरतात! म्हणून तुम्हाला धरलंय.

चला, झाकण उचला. बाप रे, तारा बघा! 88 पट्ट्यांना साधारण 230 तारा! वरच्या सुरांना तीन-तीन, खाली दोन-दोन, अगदी तळाला एकेकच, अंगावर तांब्याची तार गुंडाळून जाडजूड झालेली! सगळ्यांचा मिळून ताण 20 टनांच्या आसपास! म्हणून तर ती बिडाची अवजड चौकट! आणि एवढ्या सगळ्यात आपण शोधतोय काय? एक ईं!

प्रत्येक सुराला फेल्टचा डॅम्पर असतो. पट्टी दाबली की उठतो, सोडली की तारांवर बसून त्यांना गप्प करतो. पण वरच्या दीडेक सप्तकाला डॅम्परच नाहीत! मुळीच नाहीत! ते सूर इतक्या लवकर विरतात की गरजच पडत नाही म्हणे!

आणि खरी गंमत पुढे! तार निघते खुंटीपासून, मग घोडीवरून जाते आणि मग पार मागच्या खिळ्याला अडकते. हातोडी बसते मधल्या भागावर, डॅम्परही तिथेच. घोडीच्या पलीकडचा तुकडा? त्याला कुणी विचारतच नाही! आणि मग घोडीतून थरथर पोचते आणि तो तुकडा, ज्याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही, आपलं आपण गात बसतो! कमाल आहे की नाही?

आता पकडायचं त्याला! तुम्ही पट्टी टचकन दाबून सोडा, मी बोटाला रुमाल गुंडाळून (उघडं बोट नको, घामाने तार गंजते!) मागचे तुकडे एकेक करून दाबते. ईं. अजून ईं. अजूनही ईं, आणि मग पुढच्या तारेवर बोट टेकतं आणि... गप्प! सापडला! तिथे तारांमधून ओवलेली फेल्टची पट्टी सैल होऊन घसरली होती. काकांनी ती एका तारेखालून, दुसरीवरून नीट ओवली आणि झालं! एवढ्या धुडाचा आजार आणि औषध काय, तर कापडाची चिंधी!

पण थांबा, लगेच चिंध्या कोंबत सुटू नका! 1872 मध्ये पियानो बनवणाऱ्या थिओडोर स्टाइनवेने पेटंट घेतलं ते हे तुकडे मुद्दाम मोकळे ठेवण्याचं! लांबी मोजूनमापून, मुख्य सुराशी जुळवून, म्हणजे वरच्या सुरांना चमक येईल! आपण तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून झणकार शोधतो ना, तसंच की हे! तिथे फेल्ट लावलं तर ईं जाईल आणि चमकही जाईल! म्हणजे गप्प कुणाला करायचं आणि गाऊ कुणाला द्यायचं, हे आधी ठरवायचं!

आणि खर्जात ईं नाही, 'झर्रर्र' असेल तर? मग तांब्याचं वेटोळं सैल झालेलं असू शकतं. तार मागच्या खिळ्यावरून काढायची, वेटोळ्याच्याच दिशेने पीळ द्यायचा, परत अडकवायची. हे मात्र काकांचं काम, तुमचं-माझं नाही! आपण त्याआधी तारांखालच्या लाकडी साउंडबोर्डवर पडलेली नाणी, पेन्सिली, हेअरपिना शोधायच्या! आणि मग भिंतीवरच्या तसबिरीची काच हाताने दाबून बघायची, कारण कधीकधी झरझरतो पियानो नाहीच, काच झरझरते, आणि तीही एकाच सुराला!

तर मुद्दा असा, तुमच्या ओळखीत कुणाकडे ग्रँड पियानो आहे का? बिघडलेला असेल तर फारच उत्तम! फोन लावा, आपण येतोय म्हणून सांगा. पट्ट्या तुम्ही दाबायच्या, आत डोकं मी घालणार!