जुनेराला कोड आहे, कामगाराला नाही



रिसायकलिंग या शब्दाला हल्ली फार प्रतिष्ठा आली आहे. कॉलेजात त्यावर पोस्टर स्पर्धा होतात. पण तेच काम वस्तीतली बाई करते तेव्हा तिला कचरेवाली म्हणतात. कचरा वेचणाऱ्या बायांमध्ये काम करताना हा दुटप्पीपणा मी रोज पाहते. समाजशास्त्राच्या एम.ए.त कुणी शिकवलं नाही ते या बायांनी शिकवलं. सुती चिंधी तेल-पाणी शोषते, म्हणून गॅरेजवाला ती घेतो. पॉलिस्टरची शोषत नाही, म्हणून तिला गिऱ्हाईक नाही.

आज जगात तयार होणाऱ्या धाग्यात निम्म्याहून अधिक वाटा याच पॉलिस्टरचा, म्हणजे खनिज तेलातून आलेल्या धाग्याचा आहे. मग एवढं जुनेर जातं कुठे? श्रीमंत देशांतलं पुष्कळसं जहाजात चढतं. २०१८ पासून चीनने कापडाच्या कचऱ्याला दार बंद केलं. घानाच्या बाजारात आणि चिलीच्या वाळवंटात त्याचे ढीग आहेत. आपल्याकडे ते कांडला बंदरातून पानिपतला पोचतं. घालता येण्याजोगे जुने कपडे आयात करण्यावर भारतात निर्बंध आहेत, म्हणून चिरून निकामी केलेल्या चिंध्या येतात. पानिपतात बाया जमिनीवर बसून उभ्या पात्यावर कपडे कापतात, बटणं आणि चेन काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात. यंत्र ते पिंजतं, त्याचं सूत होतं आणि सुताची स्वस्त ब्लँकेटं. पूर-भूकंपात मदत म्हणून वाटली जातात ती हीच. पिंजताना उडणारा बारीक तंतू मात्र कामगाराच्या छातीत जातो.

हा धंदा उभा राहिला लोकरीवर. आता गाठोड्यात येतं मिश्र कापड. त्यातले धागे वेगळे करणं अवघड, आणि पिंजताना ते तुटून आखूड होतात. जुन्या कपड्यापासून पुन्हा कपडा होण्याचं प्रमाण एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७च्या अहवालानुसार एक टक्क्याहून कमी आहे. टी-शर्टवर 'रिसायकल्ड पॉलिस्टर' लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा प्लास्टिकच्या बाटल्यांपासून आलेलं असतं.

जागतिक व्यापारात प्रत्येक मालाला कोड असतो. जुन्या कपड्यांना ६३०९, चिंध्यांना ६३१०, कृत्रिम तंतूंच्या कचऱ्याला ५५०५. किलो मोजले जातात, डॉलर मोजले जातात. ते कुणी चिरलं, कोणत्या जातीच्या बाईने, किती मजुरीवर, तोंडाला मास्क होता का, याचा रकाना त्या कागदात नाही.

यावर काही मित्र म्हणतील, ही आयातच बंद करा. त्यांचा राग मला समजतो. मृतांची वस्त्रे चांडाळाने नेसावीत, असं मनुस्मृती सांगते. ती महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळली गेली. दुसऱ्याने टाकलेलं आपल्या माथी, ही रीत आपण नाकारलेली आहे. पण आयात बंद झाली तर आधी चूल विझेल ती चिरणाऱ्या बाईची.

म्हणून १९२८ आठवा. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. कारण काय, तर सूत तोंडाने ओढावं लागतं, विटाळ होईल! बाबासाहेबांनी गिरणी सोडा असं सांगितलं नाही. त्या वर्षीच्या संपात त्यांनी विणकाम खात्यात प्रवेशाची मागणी लावून धरली. प्रश्न कापडाचा नव्हता, कामगाराच्या जागेचा होता.

आजही मागणी तीच हवी. फ्रान्समध्ये कपडे विकणाऱ्या कंपन्यांना जुन्या कपड्यांच्या विल्हेवाटीसाठी पैसे भरावे लागतात. तो पैसा गाठोड्याबरोबर पानिपतपर्यंत आला पाहिजे. मजुरी, मास्क, दवाखाना आणि विमा बनून.

समाजशास्त्र शिकणाऱ्या मित्रांनो, तुमच्या शहरातल्या चिंध्यांच्या गोदामात जा. जात, मजुरी, खोकला, तिन्ही विचारा आणि लिहून काढा. त्यांच्या कागदात नसलेला रकाना आपणच भरायचा आहे.

जय भीम.