आजोबा का उठले?

रुग्ण खाटेवरून पडला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सिस्टर, रेलिंग वर केलं नव्हतं का?" बहुतेक वेळा केलेलं असतं. झोपेत कूस बदलताना घरंगळून पडणारे थोडेच. माणूस उठायला जातो आणि पडतो. उठतो तोही बहुधा लघवीसाठी.

रात्रपाळीत हे नेहमी दिसतं. पहाटे तीनच्या सुमारास एखादे आजोबा उठून बसतात, उशाशी चष्मा चाचपतात. बेल हाताशी असते, पण सिस्टरांना कशाला त्रास, म्हणून दाबत नाहीत. खाली सतरंजीवर झोपलेला मुलगा दमलाय, म्हणून त्यालाही हाक नाही. रेलिंग संपतं त्या पायथ्याकडच्या जागेतून एक पाय खाली सोडतात. पाय लोखंडी पायरी शोधतो. ती फरशी पुसताना कुणीतरी सरकवलेली असते.

भ्रमातला रुग्ण तर रेलिंगवरूनच उतरू बघतो, म्हणजे तेवढ्या जास्त उंचीवरून पडतो. रेलिंग आणि गादीच्या फटीत मान अडकून माणसं दगावलीही आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली अशा फटींची मापं सुचवली, ती त्यामुळेच. हात बांधले तर धडपड आणखी वाढते.

धोका मोजायला आमच्याकडे मोर्स स्केल आहे. पूर्वी पडला असेल तर २५ गुण, सलाइन चालू असेल तर २०. पण बेरीज करून कागद फाइलला लावला, म्हणजे रुग्ण सावरला असं नाही. खाट अगदी खाली घ्यायची, चाकांचे ब्रेक लावायचे. चष्मा, पाणी, युरिन पॉट हात पोचेल तिथे ठेवायचं. लघवीची गोळी रात्री लिहिली असेल, तर सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं. आणि फेरीत आपणच म्हणायचं, "आजोबा, जाऊन येऊ या का?" उठवताना आधी पाय खाली सोडून थोडा वेळ बसवायचं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० ने उतरला, तर भोवळ येऊ शकते.

एवढं करूनही कुणी पडलंच, तर बखोटीला धरून उभं करू नका. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर रुग्ण नीट बोलत असला तरी डॉक्टरांना लगेच बोलवायचं.

पेशंटजवळ रात्री थांबणाऱ्यांना एकच विनंती: रेलिंग वर करून निश्चिंत झोपू नका. झोपण्याआधी त्यांना एकदा बाथरूमला नेऊन आणा, आणि रात्री गरज लागली तर संकोच न करता बेल वाजवा. आमची रात्रपाळी त्यासाठीच असते.