दारावरची चिठ्ठी

तुमच्यापैकी कुणाला परदेशी राहायला जायचं असेल तर एक सांगते. जर्मनीत ऐन नाताळाच्या तोंडावर उतरू नका. आणि उतरलातच, तर सोबत भाजणी ठेवा.

यांना कंपनीने दोन वर्षांसाठी म्युनिकला पाठवलं. मी असाधारण रजा टाकली आणि २३ डिसेंबर २०२३ ला, शनिवारी, आम्ही चौघं तिथे पोचलो. लेक दुसरीतली, मुलगा चार वर्षांचा. भाड्याच्या घराची किल्ली हातात पडेपर्यंत रात्रीचे सव्वाआठ झाले. कोपऱ्यावरच किराणा मालाचं मोठं दुकान होतं, पण दिवे विझलेले. त्या राज्यात, म्हणजे बव्हेरियात, दुकानं आठला बंद होतात. सकाळी घेऊ म्हणत वर चढलो. सकाळी रविवार. रविवारी तिथे दुकानं बंद. सोमवार-मंगळवार, २५ आणि २६, नाताळची सुट्टी. म्हणजे दूध थेट बुधवारी! मोठ्या रेल्वे स्टेशनातली काही दुकानं अशा दिवशीही उघडी असतात, हे शहाणपण नंतर आलं.

बॅगेत भाजणी, मेतकूट, दोन किलो तांदूळ, शेंगदाण्याची चटणी आणि तेलाची बाटली होती. तूप नव्हतं, कारण दुधाचे पदार्थ भारतातून तिकडे सामानात न्यायला बंदी आहे. तीन दिवस सकाळी थालीपीठ आणि रात्री मेतकूट-भात, तोही कोरडा. लेकीची तक्रार त्याबद्दल नव्हतीच. तिचा प्रश्न, "आई, बर्फ कुठाय?" डिसेंबरच्या सुरुवातीला तिथे इतका बर्फ पडला होता की विमानतळ बंद ठेवावा लागला. त्याचे व्हिडिओ तिने अख्ख्या वर्गाला दाखवले होते. आम्ही गेलो तर सगळा वितळलेला. खिडकीबाहेर नुसतं करडं आभाळ, ओले रस्ते. आठला उजाडायचं आणि साडेचारच्या आत अंधार.

मुलांच्या पोटातलं घड्याळ मात्र भारतातच होतं. तिथे पहाटेचे साडेतीन म्हणजे आपल्याकडे सकाळचे आठ. पहिल्याच पहाटे दोघं टुणकन उठली. लाकडी जमिनीवर पळापळ, पकडापकडी. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही, हा तिथला नियम यांना ऑफिसातल्या लोकांनी बजावून सांगितलेला.

आणि नऊ वाजता दार उघडलं तर दाराला चिठ्ठी चिकटवलेली.

हातानं लिहिलेली, जुन्या वळणाची, एकाला एक जोडलेली अक्षरं. पंधरा वर्षं मी मुलांचं कसलंही अक्षर वाचत आले आहे. कोंबडीचे पाय असोत की मुंग्यांची रांग, मला लागतं. इथे एक शब्द लागेना. फोनचा कॅमेरा धरला, त्यानेही भलतंच काहीतरी सांगितलं. कळले ते फक्त आकडे. २४, २५, २६ आणि शेवटी ३. शिवाय दोन उद्गारचिन्हं.

"तिसऱ्या मजल्यावरची बाई असणार," हे म्हणाले. "आपल्या बरोबर खाली. या तीन दिवशी तरी शांतता पाळा, असं लिहिलंय."

आम्ही चौथ्या मजल्यावर. अर्थ अगदी चपखल बसला. मग काय, तीन दिवस आम्ही पायमोजे घालून मांजरासारखे चाललो. मुलगा जरा धावला की त्याच्यावर डोळे वटारायचे. २५ तारखेला दुपारी बेल वाजली. मी तोंडावर बोट ठेवलं. चौघंही श्वास रोखून बसलो. पुन्हा एकदा वाजली. मग पावलं खाली उतरत गेली.

त्या रात्री लेक माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "आई, मला इथलं काहीच येत नाही. मी शाळेत ढ होणार का गं?" वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी पोर. दुपारी बागेत एका मुलाने तिला काहीतरी विचारलं, तर ती माझ्या कोटामागे लपली होती. मी म्हटलं, "छे, काहीतरीच." पण झोप मला लागली नाही. डोळ्यांपुढे दुसरीच एक मुलगी येत होती.

माझी शाळा साखर कारखान्याच्या परिसरात आहे. दिवाळी झाली की तोडणीवाले येतात, शिवारात कोप्या उभ्या राहतात. काही वर्षांपूर्वी एक बंजारा समाजातली मुलगी शिक्षण हमी कार्ड घेऊन माझ्या दुसरीच्या वर्गात आली. घरी गोरबोली. तीन-साडेतीन महिने ती माझ्यासमोर बसली, आणि मला तिचा आवाज फक्त हजेरीच्या वेळी ऐकू आला. वर्णनात्मक नोंदीत मी लिहिलं, 'प्रतिसाद देत नाही. सूचना समजत नाहीत.' वहीत लाल पेनाने लिहिलं, 'पालकांनी भेटावे.' एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा खाली दोन रेघा मारल्या. आई आली नाही. एकदा दुकानापाशी समोरून येताना दिसली, तर पदर पुढे ओढून बाजूच्या बोळात वळली. स्टाफरूममध्ये मी म्हणाले होते, "यांना मुलांच्या शिक्षणाचं काही पडलेलंच नाही." कुणीच हरकत घेतली नाही.

त्या माउलीला वाचता येत असेल का, हे तेव्हा मनात आलं नाही. पहाटे अंधारात फडावर जाणाऱ्या बाईने त्या लाल अक्षरांकडे पाहून काय ओळखलं असेल? दोन रेघा कळल्या असतील. आमची उद्गारचिन्हं कळली होती तशा.

२६ च्या संध्याकाळी कचरा टाकायला जिना उतरताना तिसऱ्या मजल्याचं दार उघडलंच. सत्तरीच्या घरातल्या बाई, थोडं इंग्रजी येणाऱ्या. यांनी खिशातली चिठ्ठी काढून आधीच माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि वाचून दाखवलं. काल रात्री तुम्ही लहान मुलं घेऊन आलात, २४, २५, २६ दुकानं बंद आहेत, दूध, पाव, अंडी लागली तर तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवा! नाताळच्या शुभेच्छा!

मुलांच्या आवाजाचं विचारलं, तर म्हणाल्या, झोपताना कानातलं यंत्र काढून ठेवते.

मग त्यांचा घरी केलेल्या बिस्किटांचा डबा वर आला आणि आमची थालीपीठं खाली गेली. ती त्यांना आवडली की नाही, कोण जाणे. डबा मात्र धुऊन-पुसून परत आला.

पुढचे दिवस कागदपत्रांत गेले, ते सांगत बसत नाही. शाळा ८ जानेवारीला उघडली. त्याच आठवड्यात लेकीचं नाव घालायला गेलो. नव्याने आलेल्या, जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी तिथे 'डॉइचक्लासं' नावाचे वेगळे वर्ग असतात. तिथल्या बाईंनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः लेकीशेजारी छोट्या बाकावर बसल्या. चित्रांचा एक कागद पुढे केला. घराच्या चित्रावर बोट ठेवून स्वतःचा शब्द सांगितला, मग पेन्सिल तिच्या हातात दिली आणि खुणेनेच विचारलं, तुझा?

लेकीने लिहिलं, 'घर'. बाईंनी ती अक्षरं नीट निरखली, वाचून दाखव म्हणून खूण केली आणि पाठोपाठ म्हणाल्या, "गर."

"गर नाही, घर!"

"गार."

लेक खळखळून हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा घराबाहेर तिचा आवाज मोठा झाला. बाई चुकत राहिल्या, ती दुरुस्त करत राहिली. आम्ही दोघं मागे गप्प बसून होतो.

आईला याडी म्हणतात, एवढं मला गोरबोलीतलं माहीत होतं. तेही एका सिनेमामुळे नव्हे की पुस्तकामुळे, तर ती मुलगी एकदा मधल्या सुट्टीत पडली, तेव्हा ओरडली होती म्हणून. घराला ती काय म्हणायची, ते मी विचारलं नव्हतं.