हरवलेली तुकडी

युद्धाचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा डोंगराच्या माथ्यावरून खालीं पाहत असतात. त्यांच्या नकाशावर सैन्यें सरकतात, फळ्या मोडतात, नद्या ओलांडल्या जातात. आणि या सर्व हालचालींस कोणा एका सेनापतीचें नांव देऊन प्रकरण आटोपतें. ज्याच्या पायांस फोड आले, ज्याच्या बाटलींतील पाणी संपलें आणि आपण नेमके कोठें आहों हेंही ज्याला ठाऊक नव्हतें, त्या पायदळाच्या शिपायाची नोंद या ग्रंथांत केवळ आंकड्याच्या रूपानें होते. महाकवींनींही त्याला फारसें जवळ केलें नाहीं. होमरच्या काव्यांत थर्सिटीझ नांवाचा एक सामान्य योद्धा भर सभेंत तोंड उघडतो, आणि युलिसीझच्या हातचा मार खाऊन गप्प बसतो. आमच्या भारतीय युद्धांतही अठरा अक्षौहिणी मेल्या, पण कांहीं थोडीं नांवें सोडलीं तर बाकीचे सारे रथांच्या चाकांखालीं निनांवीच गेले.

विसाव्या शतकांत कांहीं कवींनीं आणि कादंबरीकारांनीं ही उणीव बरीच भरून काढली, हें सर्वश्रुत आहे. त्या कामांत चित्रपटाचा वाटा किती, हें मात्र आमच्या साहित्यिक मंडळींच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. म्हणून आज एका जुन्या चित्रपटाविषयीं कांहीं लिहावें असें योजिलें आहे. त्याचें नांव 'मेन इन वॉर'. अँथनी मान या अमेरिकन दिग्दर्शकानें तो १९५७ सालीं काढला. चित्र कृष्णधवल आहे, पावणेदोन तासांच्या आंतबाहेरचें आहे, आणि त्यांत प्रेमप्रकरण मुळींच नाहीं.

कथेचा दिवस ६ सप्टेंबर १९५०, आणि स्थळ कोरिया. त्या वर्षीं २५ जूनला उत्तर कोरियाच्या फौजा अडतिसावें अक्षवृत्त ओलांडून दक्षिणेंत शिरल्या. तीन दिवसांत सेऊल पडलें, आणि ऑगस्टपर्यंत अमेरिकन व दक्षिण कोरियन सैन्य नाकटोंग नदीच्या आड, पुसान बंदराभोंवतालच्या एका कोपऱ्यांत कोंडलें गेलें. पुढें १५ सप्टेंबरला मॅक्आर्थरनें इंचॉन येथें फौज उतरविली आणि युद्धाचें पारडें फिरलें. म्हणजे आमच्या गोष्टींतील दिवस त्या प्रसिद्ध विजयाच्या अवघा नऊ दिवस अगोदरचा आहे. परंतु या शिपायांना त्याचें काय! त्यांची मोटार मोडली आहे, बिनतारी यंत्राला कोणी उत्तर देत नाहीं, आणि त्यांची बटालियन कोठें गेली याचा पत्ता नाहीं. लेफ्टनंट बेन्सन हा त्यांचा नायक एके ठिकाणीं आपल्या बिनतारी शिपायास सांगतो, कीं बटालियन नाहीं, रेजिमेंट नाहीं, मुख्य ठाणें नाहीं, आपली अमेरिकाही नाहीं. आतां आपण एवढेच काय ते आहों. इतिहासकाराच्या डोंगरमाथ्यावरून जें स्पष्ट दिसतें, त्यांतील एक अक्षरही दरींतल्या माणसास दिसत नसतें, हें या चित्रानें जसें दाखविलें आहे तसें आम्हीं अन्यत्र क्वचित् पाहिलें.

गंमत अशी, कीं ही गोष्ट मूळची कोरियाची नव्हेच. व्हॅन व्हान प्राग याच्या १९४९ च्या कादंबरींत ती नॉर्मंडींत, दुसऱ्या महायुद्धांत घडते. ती तेथून उचलून कोरियांत नेली, तरी तिचें कांहीं बिघडलें नाहीं. एका अर्थीं हा तिच्या सत्याचा पुरावाच म्हणावयाचा. कारण चालणें, तहान, भय आणि झोप यांस देशकालाचें बंधन फारसें नसतें. पण दुसऱ्या अर्थीं हाच तिचा दोषही आहे. ज्यांच्या भूमीवर हा सगळा संहार चालला होता, त्या कोरियन माणसांना या चित्रांत जवळजवळ चेहराच नाहीं. तीं झुडपांआड हलतात, गोळ्या झाडतात आणि मरतात. कथा परदेशांतून उचलून आणल्यावर तेथील माणसांसाठीं तींत जागा करावयास दिग्दर्शक विसरला, असें आम्हांस प्रांजळपणें वाटतें.

अमेरिकन लष्करानें या चित्रास साहाय्य नाकारलें. वरिष्ठाची आज्ञा न जुमानणारा सार्जंट त्यांत आहे, हें अधिकाऱ्यांस रुचलें नाहीं. त्यामुळें रणगाड्यांच्या रांगा नाहींत कीं विमानांचे थवे नाहींत. आहेत त्या कॅलिफोर्नियांतील टेकड्या, उंच गवत, एक जीप आणि मूठभर माणसें. हें दारिद्र्य चित्राच्या पथ्यावर पडलें. छायाचित्रण अर्नेस्ट हॅलर याचें आहे. 'गॉन विथ द विंड' या चित्राच्या भडक रंगवैभवाबद्दल पारितोषिक मिळविणाऱ्या दोघांपैकीं हा एक. येथें त्यानें पानापानांवरचें राखी ऊन आणि घामानें निथळलेले चेहरे एवढ्यावरच सारें भागविलें आहे. एल्मर बर्न्स्टीनचें संगीतही बऱ्याचदा मागें सरतें, आणि मग वाऱ्यानें गवत हललें कीं माणसानें, हा प्रश्न प्रेक्षकालाही पडूं लागतो.

किलियन नांवाच्या शिपायाचा प्रसंग पाहावा. तुकडी पुढें निघाली असतां हा मागें राखण करीत असतो. ऊन्ह पडलेलें, आसपास रानफुलें फुललेलीं. तो घटकाभर बसतो, पायांतले बूट काढतो, शिरस्त्राणाच्या जाळींत फुलें खोवतो. आणि गवतांतून आलेला शत्रु त्याला निःशब्दपणें मारतो. ही भूमिका जेम्स एडवर्ड्स या कृष्णवर्णी नटानें केली आहे. गोऱ्या व काळ्या शिपायांतील भेद मोडण्याची आज्ञा अध्यक्ष ट्रूमन यांनीं १९४८ च्या जुलैंत काढली होती. ती प्रत्यक्षांत उतरली ती बव्हंशीं या कोरियन युद्धाच्या काळांत. चित्रांत त्याविषयीं अवाक्षर नाहीं. किलियन सर्वांसारखा एक आहे आणि सर्वांसारखाच मरतो, एवढेंच. आमच्या शेजारीं मराठा लाइट इन्फन्ट्रींतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. त्यांच्यासमवेत आम्हीं हें चित्र घरच्या लहान पडद्यावर पुन्हां पाहिलें. आम्ही फुलांतील काव्याविषयीं कांहीं बोलूं लागलों, तों ते म्हणाले, "सर, फुलांचं सोडा. बूट काढले, तिथंच तो गेला. पण खरं सांगू का, त्या वेळीं मीसुद्धा काढले असते." आमच्या सगळ्या विवेचनापेक्षां हें एक वाक्य त्या प्रसंगाच्या अधिक जवळचें होतें.

परंतु चित्राचा खरा गाभा दोन माणसांच्या विरोधांत आहे. रॉबर्ट रायननें रंगविलेला बेन्सन थकलेला, विचारी आणि आपल्या माणसांबद्दल हळवा आहे. आल्डो रेनें रंगविलेला सार्जंट मोंटाना याच्या अगदीं उलट. तो जीपमधून एका कर्नलला घेऊन चालला आहे. स्फोटाच्या धक्क्यानें कर्नलची वाचा गेली आहे. जीपच्या बैठकीला त्याला बांधून ठेवावें लागतें. मोंटाना त्याच्या तोंडांत सिगारेट देतो, उत्तर येत नसतांनाही त्याच्याशीं बोलतो, एखाद्या मुलानें आजारी बापाची करावी तशी त्याची सेवा करतो. त्याला कर्नलला इस्पितळांत पोंचवावयाचें आहे आणि बाकीचें युद्ध खड्ड्यांत गेलें तरी चालणार आहे. बेन्सन मात्र दारूगोळा वाहण्यासाठीं ती जीप ताब्यांत घेतो, आणि ही विजोड मंडळी ४६५ क्रमांकाच्या टेकडीकडे चालूं लागते.

वाटेंत मोंटाना आधीं गोळी घालतो आणि मग विचारतो. हात वर करून आलेल्या शत्रूस तो ठार मारतो. बेन्सन संतापतो, आणि मेलेल्याच्या टोपींत लपविलेलें शस्त्र सांपडतें. टेकडीपाशीं अमेरिकन वेषांतले शिपाई समोरून येतात. मोंटाना त्यांवरही गोळ्या झाडतो, आणि ते वेष पालटलेले शत्रूच निघतात. असल्या माणसांच्या बळावर युद्ध जिंकावें लागणार असेल तर देवच आपला वाली, अशा आशयाचें बेन्सन बोलतो. पण प्रत्येक वेळीं मोंटानाचाच अंदाज खरा ठरलेला असतो, हें तोही जाणतो.

आम्ही गेलीं तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों. हें चित्र आम्हीं एकदां विद्यार्थ्यांस दाखविलें, तेव्हां एका मुलानें उभें राहून विचारलें, "सर, मोंटानाचं चुकलं काय? त्याच्यामुळं बाकीचे वांचले ना?" वर्गांतील बहुतेकांचें मत तेंच होतें. या प्रश्नाला वर्गांतल्या ठराविक उत्तरांपैकीं एकही पुरत नाहीं. मोंटानाची गोळी एकदां जरी निरपराध्यास लागली असती, तरी दिग्दर्शकाचें आणि आमचें काम सोपें झालें असतें. नीतिपाठ तयार होता. मान यानें ती सवलत घेतली नाहीं. जो माणुसकी जपतो त्याला घटना साथ देत नाहींत, आणि जो ती बाजूला ठेवतो त्याचें गणित बरोबर येतें, अशा कठीण जागीं त्यानें आपल्याला आणून उभें केलें आहे. सुसंस्कृत माणसाचा विवेक ही केवळ सुरक्षित घरांतली चैन आहे काय, असा हा प्रश्न आहे. आणि आमच्यासारख्या, ग्रंथांवर उपजीविका करणाऱ्यांना तो विशेष झोंबतो.

त्या मुलास आम्हीं सांगितलें तें असें. मोंटानाचें शहाणपण फक्त जिवंत राहण्याचें आहे. त्या शहाणपणाला धरून तो टेकडीची चढाई नाकारतो आणि कर्नलजवळ थांबतो. तेव्हां तो मुका कर्नल शुद्धीवर येतो, उठतो, लढणाऱ्या शिपायांकडे धांवतो आणि मरतो. मग मोंटाना, ज्याला कोणीही आज्ञा दिलेली नाहीं, ज्याचें वांचविण्याजोगें माणूसही आतां उरलेलें नाहीं, तो बेन्सनसोबत टेकडी चढतो. येथें जिवाच्या शहाणपणाचा हिशेब सुटत नाहीं. मोंटाना शेवटीं ज्या कारणानें वर जातो, तें कारण त्याच्या आदल्या दिवसाच्या तर्कांत बसत नाहीं. तें बेन्सनच्या तर्कांत बसतें. मुलाचें समाधान झालें कीं नाहीं, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु तो बसला तो विचार करीतच बसला.

हे दोघे एकाच माणसांत नांदूं शकतात काय? कोरियाच्याच प्रकरणांत याचें एक उदाहरण आम्हांस आठवतें, आणि तें आपल्या कोल्हापूरकडच्या माणसाचें आहे. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांनीं जानेवारी १९४५ मध्यें अराकानांत कांगॉजवळ आपल्या पंजाबी बटालियननिशीं मेलरोज नांवाची टेकडी जपान्यांपासून हातघाईच्या लढाईंत जिंकून घेतली. त्या युद्धांत त्यांस डी. एस. ओ. हें पदक मिळालें. पुढें १९५३ सालीं कोरियांत तह झाल्यावर, मायदेशीं परतण्यास नकार देणाऱ्या २२,००० हून अधिक कैद्यांवर देखरेख ठेवण्यासाठीं हिंदी फौज गेली. मेजर जनरल थोरात तिचे प्रमुख होते. कैद्यांनीं एकदां एका हिंदी अधिकाऱ्यास ओढून नेलें आणि डांबून ठेवलें. थोरात मोजक्या सोबत्यांनिशीं स्वतः त्या खवळलेल्या जमावांत शिरले, आणि गोळी न झाडतां, बोलून चालून, त्या अधिकाऱ्यास सोडवून परत आले. ज्यानें टेकडी घेतली तोच हा माणूस. गोळी केव्हां झाडावयाची हें ठाऊक असणें आणि ती केव्हां झाडावयाची नाहीं हें ठाऊक असणें, या दोन निराळ्या विद्या आहेत. मोंटानाला पहिलीच येत होती.

चित्राचा शेवट थोडक्यांत सांगतों. टेकडी जिंकली जाते, पण ती जिंकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात. कर्नलनें आपल्या शिपायांस देण्यासाठीं पदकें जवळ ठेवलेलीं होतीं. सकाळच्या उजेडांत बेन्सन मृतांचीं नांवें एकेक करून वाचतो, आणि प्रत्येक नांवागणिक मोंटाना एकेक पदक उतारावर फेंकतो. आदल्या दिवशीं ज्यांचें एका गोष्टीवर एकमत होत नव्हतें, ते दोघे हें एक काम मिळून करतात. ज्यांचीं नांवें घेतलीं त्यांपैकीं कोणीही उत्तर देत नाहीं. इतिहासाच्या पानावर ही टेकडी सांपडणार नाहीं. पण त्या अर्ध्या मिनिटापुरती तरी शिपायांची गणना आंकड्यांनीं न होतां नांवांनीं होते, आणि तीही त्यांस ओळखणाऱ्याच्या तोंडून होते. आम्हांस तेवढ्याकरितां हें चित्र थोर वाटतें. ज्यांस तें पाहावयास मिळेल त्यांनीं अवश्य पाहावें.