वाइल्ड कार्ड आणि पाचवा मणका

पुणे, रविवार रात्र

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

काल दादाचा फोन आला तेव्हा मागे रॅकेटवर बॉल आपटल्याचा आवाज येत होता. म्हणजे तू घरातच होतीस, सगळं ऐकत होतीस, आणि फोनवर मात्र आली नाहीस. मी रागावले नाही. तुझ्याहून थोडी मोठी असताना मीही अशीच गप्प बसून राहिले होते, म्हणून हे पत्र.

डेक्कन जिमखान्यावरच्या एनईसीसीच्या आयटीएफ स्पर्धेत पात्रता फेरीचं वाइल्ड कार्ड आणि एमआरआयचा रिपोर्ट, दोन्ही एकाच आठवड्यात हातात यावं! दादाने मला रिपोर्ट वाचून दाखवला. कंबरेच्या पाचव्या मणक्यात स्ट्रेस रिअॅक्शन. हाडाच्या आत सूज आहे, चीर अजून पडलेली नाही. डॉक्टर म्हणतात तीन महिने रॅकेट बंद. घरात कोणी म्हणतं गोळी घेऊन दोन मॅच काढ, कोणी म्हणतं अशी संधी पुन्हा येत नाही. तुझं स्वतःचं म्हणणं काय, हे मी दादाला तीनदा विचारलं. त्याला सांगता आलं नाही.

2017 च्या फेब्रुवारीत आपण बालेवाडीला डेव्हिस कप बघायला गेलो होतो, भारत विरुद्ध न्यूझीलंड. तू नऊ वर्षांची होतीस. लिएंडर पेस डबल्समधल्या विक्रमी 43 व्या विजयासाठी उतरणार होता आणि त्याचा जोडीदार ठरला होता साकेत माइनेनी. साकेतचा पाय दुखावला आणि ऐन वेळी विष्णू वर्धन आला. सिटाक आणि मायकल व्हीनस या जोडीने चार सेटमध्ये आपल्याला हरवलं. घरी येताना तू रिक्षात सारखी विचारत होतीस, साकेत का नाही खेळला? लढत भारताने 4-1 अशी जिंकली, पण पेसला विक्रमासाठी पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत थांबावं लागलं. इतक्या मोठ्या सामन्याच्या वेळी बाहेर बसणं केवढं जड असेल, हे मला त्या दिवशी तुला समजावता आलं नव्हतं. आता तुला ते माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

तुझी लाडकी गोष्ट म्हणजे पेसचं अटलांटा. 1996 साली मनगट दुखावलेलं असताना तो मेलिगेनीशी खेळला, पहिला सेट हरला आणि पुढचे दोन जिंकून कांस्यपदक घेऊन आला. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला पदक मिळवलं, त्यानंतर भारताला मिळालेलं ते पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट मीच तुला सांगितली आहे, त्यामुळे तिचा राहिलेला भागही मीच सांगायला हवा. तो त्या स्पर्धेतला त्याचा शेवटचा सामना होता. पुढच्या ऑलिंपिकला चार वर्षं होती. पेस तेवीस वर्षांचा होता, त्याचे वडील वेस पेस स्वतः खेळाडूंवर उपचार करणारे डॉक्टर. मनगटाची काय किंमत मोजायची आणि कशासाठी, हे त्याला समोर दिसत होतं. तुझ्यासमोर पात्रता फेरी आहे. जिंकलीस तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सर्व्हिस करायची, आणि तुझी किक सर्व्हिस म्हणजे दर वेळी त्याच मणक्यावर कमान टाकणं.

2022 चं विम्बल्डन आपण एकत्र बघितलं होतं. पोटाचा स्नायू फाटलेला, वडील बाहेरून थांब म्हणून खुणावतायत, तरी नदाल फ्रिट्झशी पाच सेट खेळून जिंकला, आणि सेमीफायनलच्या आदल्या दिवशी त्याने माघार घेतली. तू म्हणालीस, माघारच घ्यायची होती तर आधी का नाही? मला मात्र त्यातलं दुसरंच आवडलं. दोन्ही निर्णय त्याचे स्वतःचे होते.

माझं तसं झालं नाही. एकोणीस वर्षांची असताना माझा उजवा खांदा महिनाभर ठणकत होता. आंतरविद्यापीठ स्पर्धा तोंडावर होती. कोणी जबरदस्ती केली नाही. सामन्याआधी खांद्यात इंजेक्शन घेतलं, वेदना थांबली, मी दोन सामने जिंकले आणि तिसऱ्यात हात डोक्याच्या वर जाईना. त्यानंतर माझी सर्व्हिस परत आली नाही. इतकी वर्षं मला खांद्यापेक्षा एक गोष्ट जास्त छळते. मी खेळते असं कधी म्हटलंच नव्हतं. नाही म्हटलं नाही, इतकंच. सगळ्यांनी माझ्या गप्प बसण्याचा होकार धरला, आणि मीही धरला.

तू विचारशील तर माझं मत स्पष्ट आहे: खेळू नकोस. स्नायू दुखावला तर तो ओरडून सांगतो, थोडं खेळून बघता येतं. हाडाचं तसं नाही. गोळीने दुखणं दबेल आणि हाड तिकडे चिरत जाईल. चीर दोन्ही बाजूंना पडली तर मणका पुढे सरकायची भीती असते. आज चीर नाही आणि तू सतराची आहेस. या टप्प्यावर विश्रांती दिली तर हाड चांगलं भरून येतं. डॉक्टर तीन महिने म्हणतात ते यासाठी.

मात्र थांबलं की सगळं आपोआप जागेवर येतं असंही मी म्हणणार नाही. युकी भांब्री आठव. 2017 च्या नोव्हेंबरात बालेवाडीतच त्याने रामकुमारला हरवून चॅलेंजर जिंकली, पुढच्या एप्रिलात तो जगात 83 वा होता. मग गुडघा गेला आणि दोन वर्षांहून जास्त काळ तो कोर्टाबाहेर राहिला. परत आल्यावर एकेरीतली ती जागा त्याला मिळाली नाही. तो डबल्सकडे वळला आणि 2025 मध्ये अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत पोचला, तेही आपण बालेवाडीत पाहिलेल्या त्याच व्हीनसबरोबर. त्याच्याजवळ निदान संरक्षित रँकिंग होतं. तुझ्याजवळ अजून रँकिंगच नाही, जपायचं काय? तुझं कार्ड दुसऱ्या कोणा मुलीला जाईल आणि पुढच्या वर्षी तुला मिळेलच असं नाही. हे नुकसान खरं आहे. तू रडलीस तर घरातल्या कोणी तुला गप्प करू नये, असं मी दादाला सांगितलंय.

एवढंच कर. खेळायचं असेल तर डॉक्टरांसमोर बसून तुझ्या तोंडाने सांग आणि ते काय म्हणतात ते पूर्ण ऐक. माघार घ्यायची असेल तर संयोजकांना दादाने फोन करायचा नाही. मेल तू लिही, खाली नाव तुझं असू दे.

मंगळवारी संध्याकाळी मी घरी आहे. बसने ये, स्कूटरवर नको, रस्ते खणून ठेवलेत आणि कंबरेला धक्के बसतील. एमआरआयची फिल्म आण. मला तो मणका बघायचाय.

तुझी,
आत्या