चित्राखालची ओळ

देहू, रविवार.

पुतणीचा एम. ए. चा प्रबंध दुपारभर वाचत बसलो. विषय तुकोबांच्या प्रतिमा. आकृती ३ खाली लिहिलंय, ‘स्रोत : गुगल’. म्हटलं, “अगं, गुगल म्हणजे पोस्टमन. पत्र कुणाचं ते सांग.”

“काका, सगळे असंच लिहितात!”

चष्मा पुसून चित्र पाहिलं. चेहरा ओळखीचा. हे तर विष्णुपंत पागनीस! ‘प्रभात’च्या सिनेमातले. मागे कुणीतरी संगणकावर घाट चिकटवलेला, कडा अजून करवतीसारख्या. मग दोघांनी ओळ लिहिली : ‘आकृती ३ : तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, ‘संत तुकाराम’, प्रभात फिल्म कंपनी, १९३६, पार्श्वभूमी नंतर बदललेली.’ कॉपीराइटची मुदत संपली, हे तिचं म्हणणं खरं असेलही. म्हणून नाव गाळायचं?

तक्त्याचं शीर्षक वर, आकृतीचं खाली, हे तिला पाठ. पण जनगणनेचे आकडे घेऊन स्वतः आखलेल्या तक्त्याखाली काहीच नाही. तिथे ‘जनगणना २०११ च्या आधारे’ एवढं तरी हवं.

स्रोत कसा नोंदवतात ते कळावं म्हणून कपाटातली तुकोबांची गाथा काढून दाखवली. १८६९ पासून निघालेल्या इंदुप्रकाश आवृत्तीच्या संपादकांनी देहू, तळेगावच्या पोथ्या ताडून पाठभेद नोंदवले होते. ती तळटिपा वाचत राहिली, चहा गार झाला.

आकृती ७ कुणी काढली, ते रात्रीपर्यंत सापडलं नाही. तिनेच ती प्रबंधातून काढून टाकली.